मामाला खाली आणायला

माझ्या बहिणीचं, मैनाचं, लग्न गोरज मुहूर्तावर होतं आणि मामा अजून सातव्या मजल्यावर होता.

आमच्या चांदूर बाजारात हे वाक्य त्याआधी कोणी उच्चारलं नसावं. लग्नाच्या दिवशी मामा रुसलेला असतो, मामा उधळलेल्या बैलामागं गेलेला असतो, फार तर मामा पिऊन पडलेला असतो. सातव्या मजल्यावर मामा असण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. आमच्याकडे वर माळा असतो आणि माळ्यावर कांदे असतात.

मामा म्हणजे खुशालराव, मायचा एकुलता भाऊ. मोर्शीला संत्र्याचे बगीचे करायचा. मामी वारली, मूलबाळ नव्हतं, तेव्हा त्यानं मोर्शीच्या घराला कुलूप लावलं आणि अमरावतीला ओमप्रकाश शेठच्या नव्या इमारतीत खोली घेतली. हा शेठ कापसाच्या धंद्यात फिरत फिरत हाँगकाँगपर्यंत जाऊन आला होता. तिथं त्यानं घरावर घर, त्याच्यावर पुन्हा घर आणि सगळ्यांच्या खाली दुकानं असा प्रकार पाहिला. परत येऊन त्यानं जाहीर केलं, की अमरावतीत आडवी जागा लोकांनी वापरून वापरून गुळगुळीत केली आहे. उभ्या जागेला अजून कोणी हात लावलेला नाही.

मग त्यानं हात लावला. खाली किराणा आणि कापड, वर डॉक्टर आणि वकील, त्यावर खानावळ आणि लॉजिंग, त्यावर पोरांची शाळा, त्यावर बिऱ्हाडंच बिऱ्हाडं. लिफ्टसाठी मधोमध पोकळी ठेवली होती. लिफ्ट काही आली नाही, म्हणून त्या पोकळीच्या तळाशी विहीर खणली आणि प्रत्येक मजल्यावर रहाट बसवला. लोक तिला 'उभं गाव' म्हणायचे. आधी लोक नुसते बघायला गेले. मग राहायला गेले. मग त्यांना बाहेर यायची गरज पडेना. हे सगळे कौतुकानं सांगायचे.

आमच्यात नवरीला बोहल्यावर मामा आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. मामा दर आठवड्याला निरोप पाठवायचा, "निघालोच." चैत्रात पत्रिका घेऊन माझा चुलतभाऊ देवराव त्याला आणायला गेला. देवरावचाही निरोप आला: कापडाच्या दुकानात चिकटलो, हवा चांगली आहे, निघालोच. शेवटी हळदीच्या रात्री शेजारच्या कोणीतरी सुचवलं, की चुलत मामा आहे ना, त्याला उभा करा.

माय हळद वाटत होती. ती थांबली.

"माहा भाऊ जित्ता असतानी त्याच्या जागी दुसरा उभा केला, तं तो मेलाच ना बाप्पा. आन् मेला म्हटलं का सुतक. सुतकात लगन लागत नाई. आता कसं करता, सांगा."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी जात्याजवळ बसून हसत होतो.

"श्रावण्या, तू जाय," माय म्हणाली. "सकाळच्या मोटरनं जाय आन् दुपारच्या मोटरनं त्याले घेऊन ये. आन् आयक. तिथं मामाचा शेजारपाजार हाय. कोणाले नाई म्हणू नको. चहा देला तं घेजो. माह्या भावाचं नाव खराब करू नको."

हे सांगायची गरज नव्हती. वऱ्हाडात कोणी दारातून "या, चहा घ्या" म्हटलं आणि तुम्ही नको म्हणालात, तर तो नकार चहाला नसतो. बाबांनी एकदा घाईत खालच्या आळीतल्या एकाचा चहा नाकारला होता. तेव्हापासून त्या घरचे बैल आमच्या शेताच्या धुऱ्यावरचं गवत खात नव्हते. बैलांना कोणी आणि कसं सांगितलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

अमरावतीला उतरलो तेव्हा वैशाखाचं ऊन डांबर वितळवत होतं. उभ्या गावासमोर एक जुना पिंपळ होता. त्याच्या सावलीत उभं राहून मी मजले मोजले. सात भरले. खालची दुकानं उघडी होती, फक्त सगळे दुकानदार रस्त्याकडे पाठ करून बसले होते.

"काका, गिऱ्हाईक तं रस्त्यावरून येते ना?" मी किराणावाल्याला विचारलं.

"आतून येते," तो वळून न बघता म्हणाला. "रस्त्यावरून तूच आला. चैत्रापासून तूच."

आत पाऊल टाकलं आणि घाम थांबला. कमी झाला असं नाही, थांबला. जिन्यात विहिरीसारखा गारवा होता आणि खालून रहाटाचा कुरकुर आवाज येत होता. वर जायला काहीच त्रास झाला नाही. सगळी दारं बंद होती, माणसं जेवून निजलेली असावीत. फक्त लॉजिंगच्या मजल्यावर एका लांब बाकावर काही माणसं वळकट्या घेऊन बसली होती.

"कुठी चालले?" मी विचारलं. विचारायची पद्धत आहे.

"चांदूर रेल्वेले," एक बाई म्हणाली.

"मोटर इथी येते? वर?"

"अजून आली नाई," ती म्हणाली, आणि बाकीच्यांनी तिच्याकडे रागानं पाहिलं, जणू तिनं अपशकुन केला.

मला हसू आलं, पण ते जिन्यात मोठं होऊन परत आलं, म्हणून मी पुढं हसलो नाही.

मामाचं दार उघडं होतं. मामा कोट, धोतर, डोक्याला गुलाबी फेटा, पायात वहाणा अशा थाटात खाटेवर बसला होता.

"आला का भाचे? चाल. मी तं तयारच हाय."

"मामा, तुमी कव्हापासून तयार हा?"

"गुढीपाडव्यापासून."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. कोटाच्या बाह्यांवर घड्या कायमच्या बसल्या होत्या. फेट्याचा रंग एका बाजूनं, खिडकीच्या बाजूनं, उडाला होता.

"मंग निघाले काहून नाई?"

"निघतो ना! रोज निघतो." मामा उठला आणि त्यानं माझा दंड धरला. त्याचा हात गार होता. "पण उतरताना सगळे जागे असतेत, बापू."

हे त्यानं असं सांगितलं, की मला वाटलं आपण उतरूच नये. पण खाली दुपारची मोटर होती, चांदूर बाजारात हळदीनं माखलेली मैना होती आणि माय होती. मायपेक्षा भयंकर असं त्या इमारतीत काही असेल हे मला पटत नव्हतं.

जिन्याच्या वळणावर खिडकी होती. खिडकीतून पिंपळाचा शेंडा अगदी माझ्या नाकासमोर दिसत होता. आम्ही खाली उतरलो, आणि पहिलंच दार उघडं. दारात किसनराव मास्तर, पेन्शनीतले, हातात कपबशी.

"खुशालराव, निघाले? हा भाचा? अरे वा. या, या, घोटभर घ्या. उभ्याउभ्या जाऊ नका, लेकराचं लगन हाय."

आम्ही घोटभर घेतला. चहा चांगला होता. मास्तरांनी मला सतराचा पाढा म्हणायला लावला, मी म्हटला. त्यांच्या बायकोनं सुपारी दिली. बाहेर आलो. सहज खिडकीतून पाहिलं, तर पिंपळाचा शेंडा माझ्या पायांशी होता.

मी डोळे चोळले.

"मामा, आपण वर गेलो का?"

"नाई. आपण तिथंच हाओ. खाली एक मजला वाढला." मामा फेटा सारखा करत होता. "इथला कायदाच हाय तो. एक चहा घेतला का खाली एक मजला. मी पह्यले पह्यले लय घाबरलो. आता काई वाटत नाई."

"आन् हे तुमी मले चहा पेल्यावर सांगता?"

"मास्तरच्या तोंडावर सांगू?"

ते बरोबर होतं. मी हिशेब केला, आणि लगेच सोडून दिला. एक उतरायचा, एक वाढायचा. मामा पाडव्यापासून एकाच जागी चालत होता. संध्याकाळ झाली की जो कोणी चहा देत असेल तोच म्हणायचा, आता अंधारात कुठं जाता, जेवून घ्या, वर जाऊन पडा. मामा वर जाऊन पडायचा. वर जायला काहीच त्रास नव्हता.

"मंग नाई म्हणाचं," मी म्हणालो.

मामा थांबला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी आईवरून शिवी दिली.

"कोणाले?"

"जो देईन त्याले."

"तू म्हणून पाह्य," तो हळूच म्हणाला. "मले एकदाच म्हणता आलं. डॉक्टरले."

"मंग काय झालं?"

"आता इथी डॉक्टर नाई."

खालच्या दारात शिंप्याची बायको उभी होती. कडेवर पोर, हातात कप, चेहऱ्यावर इतकं हसू की नाकारणाऱ्याचे हात झडावेत. "भाऊजी, या ना. लेकरू भाच्याले पाहाले रडून राह्यलं."

लेकरू रडत नव्हतं. माझ्याकडे टक लावून बघत होतं.

"नको वयनी," मी म्हणालो. "घाई हाय."

मी आयुष्यात पहिल्यांदा हे म्हणालो होतो, आणि ते तोंडातून दगडासारखं पडलं. वहिनींनी कपावर बशी झाकली. मागं सरल्या. दार लोटलं. मग जिथं दार लोटलं होतं, तिथं दार नव्हतं. भिंत होती. भिंतीला चुना होता, आणि चुना ओला होता.

मी बोट लावून पाहिलं. बोट पांढरं झालं.

"त्या घरात पाच जण हायेत," मामा म्हणाला.

"हायेत ना. आत हायेत."

"हाव," मामा म्हणाला. "आत हायेत."

पण पिंपळ वर आला होता. शेंडा पुन्हा खिडकीच्या पातळीला होता. मी मामाचा हात धरून ओढला आणि आम्ही उतरत सुटलो. शाळेच्या मास्तरणीला नको. वर्गातली पोरं एका सुरात "या, या" म्हणत होती, ती मधल्याच "या"वर थांबली. खानावळीतल्या बाप-लेकांना नको. मी मागं बघितलं नाही. मामा मात्र प्रत्येक भिंतीला वाकून नमस्कार करत होता, आणि त्यामुळं आम्हाला उशीर होत होता.

लॉजिंगच्या मजल्यावरचा बाक रिकामा होता. वळकट्या तिथंच होत्या. त्या माणसांची मोटर आली असेल असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते मला खरं वाटलं तर बरं म्हणून पुन्हा सांगितलं.

त्याखाली वकिलालाही नको. पुढच्या दारात देवराव उभा होता. माझा चुलतभाऊ, लहानपणी माझ्याबरोबर बोरं चोरणारा, आता कापडाच्या दुकानातला कडक सदरा घालून, हातात दोन कप.

"अबे श्रावण्या! तू बी आला? ये बे, बस. मस्त हवा हाय."

"देवराव, तू बी चाल. मैनाचं लगन हाय आज."

"चालतो ना. निघालोच. पह्यले चहा तं घे."

"पह्यले चाल, मंग घेतो."

"असं कुठं असते का बे?" तो खरंच गोंधळला. "दारातून तुले तसाच कसा नेऊ?"

मी त्याचा हात धरायला पुढं झालो, तर त्यानं हातात कपच दिला. गरम होता. वास आला, आल्याचा. तो हातात धरून मी किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. मामा म्हणतो तसं, काही वाटत नव्हतं. मग खाली रस्त्यावर मोटरचा भोंगा वाजला आणि मी कप परत त्याच्या हातात ठेवला.

"नको, देवराव."

देवराव हसला. "नाई म्हणते लेकाचा! मले नाई म्हणते!" तो हसत हसतच मागं सरला, दार लागलं, आणि हसणं चुन्याच्या आतून थोडा वेळ येत राहिलं. मग तेही वाळलं.

आता एकच मजला उरला होता. जिन्याच्या तळाशी उन्हाचा पांढरा चौकोन दिसत होता, धुळीचा वास येत होता, पिंपळाचं खोड दिसत होतं. मधे एकच दार.

मामाची पावलं मंद झाली.

दारात इंदूबाई होती. मोर्शीची. मामाच्या घरापासून दोन घरं सोडून राहायची; नवरा तिचा कधीच गेला होता. मामी वारल्यावर वर्षभर तिनं मामाच्या दारात भाकरीचं टोपलं ठेवलं, हाक न मारता. मग मोर्शीतले लोक बोलायला लागले, आणि ती एक दिवस उठून लेकीकडे म्हणून अमरावतीला, या इमारतीत आली. मामानं मोर्शीच्या घराला कुलूप का लावलं, हे मला त्या जिन्यात कळलं. मायला आधीपासून माहीत असावं.

"खुशालराव," ती म्हणाली, "निघाले?"

"निघालो, इंदूबाई."

"निघा. लेकीचं लगन हाय, निघालंच पाह्यजे." तिनं पदर सारखा केला. "घोटभर घेऊन जाता?"

ती आग्रह करत नव्हती. बाकी सगळ्यांनी आग्रह केला होता.

मामा उभा राहिला. उन्हाचा चौकोन त्याच्या वहाणांपासून चार-सहा पायऱ्यांवर होता. बाहेर कंडक्टर ओरडत होता, चांदूर बाजार, चांदूर बाजार. मामानं तोंड उघडलं. मला 'न' ऐकू आलं, अर्धा. मग त्यानं ते गिळलं.

"भाचे, मले नाई जमत."

"मामा, माय काय म्हणाली मालूम हाय? तुमी आले नाई तं तुमी मेल्यासारखे. मंग लगनच लागत नाई."

"मालूम हाय ना. ते लहानपणापासून तशीच हाय." त्यानं डोक्यावरून फेटा काढला. खालचे केस पार पांढरे होते. फेटा त्यानं माझ्या दोन्ही हातांत ठेवला, लेकरू ठेवतात तसा. "हे मैनाच्या मागं ठेवजो. तिले सांगजो, मामा निघालाच हाय."

"मामा, तुमी आत गेले आन् मी नाई म्हटलं, तं भिंत होईन."

"हाव."

"तुमी आत असान."

"हाव ना बाप्पा," मामा चिडून म्हणाला, "मले समजत नाई का?"

मग तो वहाणा काढून आत गेला. इंदूबाईनं त्याला कप दिला. त्यानं बशीत ओतला आणि फुंकर मारली. आणि त्याच्या चेहऱ्यावरून तो पाडव्यापासूनचा तयार माणूस उतरला आणि मामा बसला. घरी बसावं तसा बसला. इंदूबाईनं दुसरा कप माझ्यापुढं धरला.

मी नको म्हणालो. मोटर चुकली नाही.

चांदूर बाजारात पोचलो तेव्हा गायी परतत होत्या आणि वाजंत्री वाजत होती. माय मांडवाच्या दारात उभी होती. तिनं माझ्या मागं पाहिलं. मग माझ्या हातांतल्या फेट्याकडं पाहिलं.

"जित्ता हाय?"

"हाव."

"मंग कुठी हाय?"

"आत," मी म्हणालो. याहून खरं उत्तर मला आजही देता येत नाही.

मायनं पुढं विचारलं नाही. भटजींना विचारलं. भटजींनी घड्याळ पाहिलं, गोरज निसटत चालली होती, आणि ते म्हणाले, यजमानीण जवळ नसली तर पूजेत तिच्या जागी सुपारी चालते. मामाच्या जागी का चालू नये? मग मैनाच्या पाठीमागं पाट मांडला, पाटावर फेटा, फेट्यात सुपारी. नवऱ्याकडच्या मंडळींत कुजबुज झाली, पण सुपारीला सुतक नसतं, त्यामुळं कोणाला काही म्हणता येईना.

मंगलाष्टकं झाली. अंतरपाट दूर झाला. नवरदेवानं मान पुढं केली. मैना हातात हार घेऊन उभी राहिली आणि पुढं झालीच नाही.

"हो ना पोरी पुढं," कोणीतरी म्हणालं. बायका हसल्या, लाजते म्हणाल्या.

मैना लाजत नव्हती. ती पुढं वाकत होती आणि जागेवरच राहत होती. तिनं मान वळवली नाही, नुसती मायला म्हणाली, "माय, मामा सोडत नाई."

मी अगदी जवळ होतो. तिच्या पिवळ्या साडीला दोन्ही खांद्यांवर खळगे पडले होते. एका बाजूला चार, एका बाजूला चार, आणि पाठीवर दोन, अंगठ्यांचे. कापड आत दबलेलं होतं आणि कोणी धरलेलं नव्हतं. वाजंत्रीवाल्यांना काही दिसत नव्हतं, ते वाजवत होते.

माय पुढं आली. तिच्या मुठीत अक्षता होत्या. ती मैनाच्या मागं, फेट्याच्या वर, माणसाचं तोंड असतं त्या उंचीला बघत उभी राहिली.

"खुशाल," ती म्हणाली, "सोड तिले."

खळगे तसेच राहिले. मैनाचे ओठ पांढरे पडायला लागले होते.

"तुले तिथी बसाचं होतं, बस. मी काई म्हणत नाई. मोर्शीतही काई म्हटलं नाई. पण तिले नेऊ नको."

नवरदेव मान पुढं करून तसाच उभा होता. त्याला वाटलं असेल, आमच्याकडे असंच करतात.

मायचा आवाज खाली आला. दारात आलेल्या माणसाला आमच्या घरात आजपर्यंत कोणी म्हटलं नव्हतं, ते ती म्हणाली.

"जाय, खुशाल. जाय आता."

कापड एकेका बोटानं वर आलं. मैना इतक्या झटक्यात पुढं गेली, की हार नवरदेवाच्या गळ्यात पडण्याआधी त्याच्या कानात अडकला. लोक टाळ्या वाजवायला लागले. अक्षता उडाल्या. मायनं टाकल्या नाहीत. पंगती उठल्या, वरात निघाली, मैना रडून बैलांच्या दमणीत बसली, तरी मायची ती मूठ उघडली नव्हती.

नवऱ्याकडची एक म्हातारी निरोप घेताना तिला म्हणाली, "सारं चांगलं झालं बाई. मामा तेवढा दिसला नाई."

"आला होता," माय म्हणाली. "घाईत होता."